गिटारला पाजलेलं तेल

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला सांगितलं नाही, ती अंथरुणाला खिळून होती तेव्हाही नाही. देवळात हात जोडतो तेव्हा हे एवढं सोडून बाकी सगळं बोलतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — बहुतेक म्हणूनच तुमच्यापुढे तोंड उघडतंय. तरी अंगणात कुणी मोटारसायकल उभी केली तरी हा कागद मी गादीखाली सारतो आणि उगाचच खोकतो.

भीती कुणाची, म्हणाल. पोलिसांची नाही, भाऊबंदांची नाही. माझ्या धाकट्या बहिणीची. सुषमाची. ती काय करणार आहे मला? ओरडणार नाही, भांडणार नाही, गावभर करणार नाही. नुसती बघेल माझ्याकडे. बारा वर्षं झाली, तिच्या त्या बघण्याला मी भिऊन आहे.

थांबा, एकदम नाही सांगता येत. जरा लांबून येतो.

सुषमा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. चार-पाच वर्षांची असताना तिचा डावा कान वाहायचा. आई घरगुती औषधं करत बसली, आणि वाशीमला दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, डावा गेला, आता उजवा जपा. बस, त्या 'जपा'नं आमच्या घरात घर केलं. वारा सुटला की कापूस, नदीवर गेली की कापूस, दिवाळीत तर पोरीला आतल्या खोलीत बसवायचे. उजवाही जाईल का, हे मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. पण तिला हाक मारली आणि तिनं लगेच 'ओ' दिली नाही, की आईचा हात चुलीपाशीच थांबायचा.

आणि अशा पोरीला नाद कशाचा लागावा? गिटारचा. वाशीमला कॉलेजात होती, तिथल्या एका सरांकडे शिकली, उरलेलं मोबाईलवर बघून. शिष्यवृत्ती मिळाली तिच्यातून अकोल्याहून गिटार घेऊन आली. आमच्या गावात, इंझोरीत, त्याआधी ढोलक होता, हार्मोनियम होती, झांजा होत्या; गिटार पहिलीच. लोक बघायला आले. आई म्हणाली, "या भोपळ्यात बिया तरी हायेत का?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण संध्याकाळी धारा काढून झाल्या की मी तिच्यासमोर बसायचो. ती वाजवायची आणि मध्येच थांबून विचारायची, दादा, हे बरं की मघाचं बरं? मी म्हणायचो, मघाचं. ती मान डोलवून तसंच पुढं घ्यायची. माझ्या कानावर तिचा भरवसा होता, हे मला आवडायचं. सांगतो ना, फार आवडायचं.

त्या वर्षी वाशीमच्या एका खासगी शाळेत संगीताच्या बाईंची जागा निघाली. दिवाळी झाली की सगळ्यांसमोर वाजवून दाखवायचं होतं. सरांनी तिला सांगितलं होतं, तुझंच होईल. ती दिवसातून दोनदा सराव करायची, आणि आई पहिल्यांदाच शेजारणीला म्हणाली होती की माझी पोरगी नोकरीवर लागून राह्यली.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं — विळे, कुऱ्हाड, डवरे, पेरणीची तिफण, फवारणीचा पंप. वडील गेल्यापासून ते काम माझं. सुषमा सकाळच्या बसनं वाशीमला अर्ज द्यायला गेली, जाताना सांगून गेली, "दादा, माह्यी गिटार बी पूजेत मांडजो. पण कोरड्या फडक्यानंच पुसजो, पाणी-तेल काही लावू नको."

सांगितलं होतं तिनं. स्पष्ट सांगितलं होतं.

पण मला सांगणारी ती कोण? — असं आलं मनात, आता कशाला लपवू? लाकूड म्हणजे माझा विषय. वडील म्हणायचे, लाकडाले तेल पाजलं का ते नातवापर्यंत टिकते. आमची तिफण आजोबांच्या हातची, अजून तिला कीड नाही. दर खंडेनवमीला जवसाचं तेल पाजतो म्हणून. अन् ही काल आलेली पोरगी मला लाकूड शिकवते? शिवाय तिला खूश करायचंही होतं. परत आली की गिटार आरशासारखी दिसली पाहिजे. दोन्ही खरं आहे — हट्टही खरा, मायाही खरी.

मी आधी ओल्या फडक्यानं पुसली. मग तेलानं. तारा गंजू नयेत म्हणून तारांवरूनही तेच फडकं फिरवून कोरड्यानं टिपून घेतलं. मग मधल्या भोकातून आत बघितलं तर लाकूड कोरडं, फिकट, रंग नाही, काही नाही. म्हटलं, बाहेरून नटवली आणि आतून उपाशी ठेवली. वाटीभर तेल भोकातून ओतलं आणि नव्या तव्यात फिरवतात तसं गिटार इकडून तिकडून कलंडवून आत सगळीकडे फिरवलं. लाकडानं ते पिऊनही घेतलं. मला केवढं बरं वाटलं होतं म्हणून सांगू. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

सुषमा दुपारच्या बसनं आली. घरभर तेलाचा वास होताच, सगळ्या अवजारांना येत होता, तिला वेगळं काही वाटलं नाही. गिटार चमकताना बघून हसली. मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि वाजवली.

मला त्याच क्षणी कळलं. मी अडाणी असेन, बहिरा नाही. आदल्या दिवशी जो आवाज ओसरीतून निघून गोठ्यापर्यंत जायचा, तो गोधडीत गुंडाळल्यासारखा येत होता. तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा तारा जुळवल्या. मान वाकडी करून उजवा कान लाकडाला टेकवला आणि एकच तार छेडली. मग माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुले कसा येऊन राह्यला आवाज?"

सांगायला काय लागत होतं? सुषमे, मी तेल ओतलं, चुकलो. रडली असती, दोन दिवस बोलली नसती. सरांकडून दुसरी गिटार आणली असती. एवढंच. पण तिनं नको म्हटलं होतं ना — अन् मी घरातला मोठा, लाकडातलं कळणारा. मी म्हणालो, "कालच्यासारखाच. काहून?"

"मले बसका येऊन राह्यला. दुरून आल्यावानी."

आणि तिचा हात कानाकडे गेला. उजव्या. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि ती काय समजली ते मला पुरतं समजलं. आईलाही समजलं, ती पीठ मळता मळता उठून आली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी अजूनही सांगू शकत होतो. मी म्हणालो, मला तर काही फरक वाटत नाही, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो.

हे माझं पाप आहे. तेल नव्हे. तेल अडाणीपणा होता.

आता वाटेल, तिनं तपासलं कसं नाही? तिनं धडपड केली हो. मीच होऊ दिली नाही. ती म्हणाली, तारा जुन्या झाल्या असतील, अकोल्याला जाशील तेव्हा नव्या आण. मी अकोल्याला गेलो, दुकानासमोरून दोनदा चालत गेलो आणि घरी येऊन सांगितलं की दुकान बंद होतं. नव्या तारांनी आवाज उघडला असता तर? मग दोष गिटारचाच हे तिला कळणार, आणि ती आतही बघणार. ती म्हणाली, कान तपासून येऊ. मी म्हणालो, ते लोक घाबरवतात, मशिनी लावतात, तू नोकरीच्या तोंडावर मन कशाला खराब करते? खरं म्हणजे मशीन म्हणेल कान चांगला आहे, याची मला धास्ती होती. कान चांगला निघाला की गिटारवर येणार, आणि गिटारवरून माझ्यावर. आपल्या बहिणीचा कान चांगला निघू नये, असं मला वाटत होतं. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणावं? माझ्यापाशी शब्द नाही.

मला तेव्हा शंकेचा आधारही होता. नुसत्या तेलानं कुठं आवाज बदलतो का? बदलला असेल हवेनं. दिवाळीआधीच मी वाशीममध्ये वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एकाला विचारलं, मित्रानं गिटारला तेल पाजलंय असं सांगून. तो म्हणाला, वरून कोरड्या कपड्यानं पुसलं तर काही होत नाही, तारा पुसल्या तर उलट मोकळ्या बोलतात. पण आत कोरं लाकूड असतं. ते तेल प्यालं की जड होतं, मग हलत नाही, बोलत नाही. "मित्राले सांगा, आता पाजलं ते पाजलं," असं म्हणून हसला. मीही हसलो.

शाळेत वाजवायच्या दिवशी सुषमा गेली नाही. सकाळी साडी नेसून तयार झाली, वेणी घातली आणि मग पलंगावर बसून राहिली. म्हणाली, ज्या सुराचा मलाच भरवसा नाही तो मी पोरांना कसा शिकवू? मी उंबऱ्यात उभा होतो. बस सुटायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटं मी तिथं उभा होतो, आणि बस गेली.

पुढं शिरपूरचं स्थळ आलं. पहिलंच. तिनं मुलगाही नीट न बघता हो म्हटलं. मला म्हणाली, बहिरी व्हायच्या आधी उरकून टाका. माणूस भला निघाला, हे तिचं नशीब, माझी पुण्याई नव्हे. सासरी ती नेहमी सगळ्यांच्या डाव्या बाजूला बसते, म्हणजे उजवा कान लोकांकडे राहतो. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहते. मुलगी झाली तेव्हा मला म्हणाली, हिचा आवाज मी पाठ करून ठेवते. आई तिच्या कानासाठी मरेपर्यंत सोमवार करत होती. मी त्या सोमवारची साबुदाण्याची खिचडी खाल्ली आहे, बसून, पोटभर.

गिटार ती सासरी घेऊन गेली होती, पण फळीवर ठेवायला. मी गेलो की त्या फळीकडे पाठ करून बसायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात. कुणी 'तेल' म्हटलं तरी मी विषय बदलायचो. बायको म्हणायची, बहिणीकडे जाऊन आल्यासारखे उजळ तोंडानं कधी येत नाही तुम्ही शिरपूरहून.

आता परवाची गोष्ट. तिची मुलगी दहा वर्षांची झाली, तिनं गिटारचा हट्ट धरला. जावई अकोल्याला जाणार होते, ते सुषमाला आणि गिटारला सोबत घेऊन गेले. दुरुस्तीवाल्यानं आत दिवा घालून बघितलं. संध्याकाळी सुषमाचा फोन आला.

"दादा, ते म्हणते, हिच्या आतून तेल हाये. वाटीभर ओतलं असन म्हणते कोनं तरी. वरून धुळीचा थर. म्हणून आवाज मेला." मग ती थांबली. "मी तसीच कानाच्या दवाखान्यात गेली. उजवा कान एकदम चांगला हाये, दादा. लहानपणी होता तसाच."

ती रडत होती की हसत होती, मला कळेना. ती म्हणाली, बारा वर्षं. दोनदा म्हणाली. मला वाटलं, आता विचारणार. मी भिंतीला टेकलो आणि वाट बघितली — खरं सांगतो, त्या क्षणी वाटलं होतं की विचारलं तर सांगून टाकू.

पण तिनं विचारलंच नाही. ती म्हणाली, "तू तं नसशीन, तुले लाकडातलं समजते. आईच असन. तिलेच लय हौस होती चोपडाचोपडीची."

मी म्हणालो, "हो. आईच असन."

मग सुषमा आईबद्दल बोलली. कधी नव्हे ते वाईट बोलली, आयुष्य मातीत घातलं माझं, म्हणाली. मी सगळं ऐकून घेतलं. आईला जाऊन तीन वर्षं झाली, ती काही सांगायला येणार नाही — हे मला माहीत होतं, म्हणूनच मी हो म्हणालो.