अण्णांचे हरवलेले पाच टक्के

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, माझे थोरले बंधू, मूळ राहणार चाकूर, हल्ली मुक्काम नांदेड, हे शासकीय मोजमापाप्रमाणे पस्तीस टक्के दिव्यांग आहेत. चाळीसला पाच कमी पडतात. सदर पाच टक्के चाकूर ते नांदेड या रस्त्यात कुठे गळून पडले असल्यास आणि कुणा सज्जनास सापडल्यास त्याने ते आमच्या घरी आणून द्यावेत. चहा पाजण्यात येईल.

ही जाहीर नोटीस मी रोज जेवताना खणखणीत आवाजात वाचून दाखवायचो. हातात कागद नसायचा, भाकरी असायची. पहिल्या दिवशी अण्णा हसले. दुसऱ्या दिवशी वहिनी हसल्या. तिसऱ्या दिवसापासून मी एकटाच हसत होतो, तरी थांबलो नाही. घरात दुखणं आलं की मला चेव येतो. पन्नाशी उलटली, पण ही खोड गेली नाही.

अण्णा लातूरच्या एका डाळमिलमध्ये बावीस वर्षं कामाला होते. एका दुपारी यंत्राच्या पट्ट्यात डावा हात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथंच राहिलं. उरलेली बोटं आत वळून आखडली, तळहात अर्धवट मिटला तो मिटलाच. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, हात जोडले आणि हजेरीचं पुस्तक उघडून दाखवलं. त्यात अण्णांचं नाव कुठंच नव्हतं. बावीस वर्षं ते तिथे कामाला नव्हतेच, असं निघालं.

मग मी त्यांना आणि वहिनींना नांदेडला माझ्या घरी आणलं. पुढची खोली दिली. वहिनी माझ्या बायकोच्या आधी उठून भांडी घासून ठेवू लागल्या आणि अण्णा जेवताना दुसरी भाकरी नको म्हणू लागले. चाकूरला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, कुलूप लावलेलं. निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान सुरू झालं तर तिथे जाऊन मीठभाकर खाता येईल, एवढाच त्यांचा हिशेब. "धाकट्याच्या ताटात किती दिवस हात घालायचा?" असं ते वहिनींना म्हणताना मी ऐकलं होतं. अनुदानाला दिव्यांगाचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर चाळीस टक्के लागतात. त्या पाच टक्क्यांच्या पलीकडे अण्णांचं घर होतं.

आता माझी हुशारी सांगतो. चाकूर लातूर जिल्ह्यात, म्हणून अर्ज आम्ही आधी लातूरला भरला होता. तिथे तपासणीची तारीख मिळेना. तेव्हा मी म्हटलं, कशाला लातूरच्या चकरा? अण्णांच्या आधारवर नांदेडचा पत्ता टाकू, इथल्या दवाखान्यात तपासणी, घरापासून दहा मिनिटं! पत्ता बदलला. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. महिन्याभरानं लातूरनं कळवलं, पत्ता नांदेडचा आहे, नांदेडला जा. नांदेडच्या खिडकीवरच्या बाबूनं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "काका, यांचा अर्ज लातूरला चालू दिसून राहिलाय. तिथला बंद झाल्याशिवाय इथं नवा घेईना."

"मग तिथला बंद कसा करायचा?"

"ते लातूरवाले करतेत."

लातूरवाले म्हणाले, अर्ज बंद करायला अर्जदाराचा पत्ता आमच्या जिल्ह्यातला पाहिजे. हे ऐकून मी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या, खिडकीसमोर उभं राहून. रांगेतले लोक पाहायला लागले. लातूरहून आम्ही एसटीनं परत निघालो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी शेंगा घेतल्या, तर अण्णा म्हणाले, "माझ्यासाठी नको घेऊ. सोलता येत न्हाईत." त्या शेंगा मी सोलून त्यांच्या उजव्या हातावर ठेवत होतो, नांदेड येईपर्यंत. सात महिने असेच गेले.

शेवटी कुणीतरी कुठलं तरी बटण दाबलं आणि नांदेडला तारीख आली. तपासणी बुधवारची. अण्णा मंगळवारी दाढी करून आले. वहिनींनी पांढरं धोतर कडक इस्त्री करून आणलं. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. मी म्हटलं, "अण्णा, लग्नाला चाललात का?"

"सायबापुढं जायाचं तर बरं दिसाया नको?"

टेबलामागे डॉक्टर बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतेत की."

"जेवण? अंघोळ?"

"समदं येतंय."

"ओझं उचलता?"

आमच्या घरात एक रीत आहे, आजोबांपासूनची. काम हीच पूजा, त्यामुळे कामाला कधी 'येत नाही' म्हणायचं नाही. परक्यापुढे तर नाहीच. बाकीचे लोक त्या खोलीत लंगडत शिरत होते, कुणी कण्हत होतं. आणि माझ्या थोरल्या भावानं डाव्या कोपराच्या बेचक्यात समोरची लोखंडी खुर्ची अडकवली आणि छातीपर्यंत उचलून दाखवली! वर हसून म्हणाले, "दमलो न्हाई अजून."

डॉक्टर म्हणाले, "वा." आणि पस्तीस लिहिले.

बाहेर आल्यावर मला रागही आला होता आणि हसूही येत होतं. "अण्णा, तुम्ही तिथं नोकरी मागायला गेला होता का?" अण्णा म्हणाले, "खोटं कसं बोलू? उचलता येतंय तर येतंय म्हणलं."

फेरतपासणीचा अर्ज केला. पुन्हा कागद, पुन्हा खिडकी, पुन्हा 'सर्व्हर डाऊन'. या मोकळ्या काळात मी दिग्दर्शक झालो. तरुणपणी गणपतीच्या मंडपात नाटकं केली होती, ती विद्या आता कामाला येणार म्हणून मला कोण आनंद! टेबल मांडलं, चष्मा नाकावर घेऊन डॉक्टर झालो आणि अण्णांना दारातून आत बोलावलं.

"हं, खांदा पाडा. आणखी पाडा. चेहरा कसा, तर तीन दिवस उपाशी. मी विचारलं, बटणं लावता येतात का, की लगेच उत्तर नाही द्यायचं. खाली बघायचं. मग हळूच, 'बायको लावती, साहेब.'"

अण्णा दारात उभे राहिले. खांदा पाडला नाही. स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, खरंच लावते मी बटणं. त्याचं नाटक कशाला करायलात?"

मी चष्मा काढून ठेवला. वर्षभर एका छपराखाली राहून मला ते माहीत नव्हतं.

आणखीही एक गोष्ट मला माहीत नव्हती, खरं म्हणजे कानावर रोज पडत होती. सकाळी अंघोळीनंतर अण्णा आणि वहिनी खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. थोड्या वेळानं आतून फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज यायचा. टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्. मी बाहेरून ओरडायचो, "अण्णा, घराची फरशी मी हप्त्यावर बसवलीय, फोडू नका!" आतून पुन्हा टक्. मला वाटायचं, भस्माची डबी पडत असेल. माझा विनोद वाया गेला याचंच वाईट वाटायचं.

आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, तळहातावर मावणारं छोटं शिवलिंग. माझं कपाटात असतं, लग्नकार्यापुरतं बाहेर येतं. अण्णांचं मात्र लहानपणापासून गळ्यातल्या चांदीच्या डबीत. रोज सकाळी ते बाहेर काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि उजव्या हातानं भस्म, बेल वाहायचा. डावा तळहात हेच आमचं देवघर. एवढं लहानपणापासून माहीत असलेला मी, दाराबाहेर उभा राहून फरशीचे हप्ते मोजत होतो.

दुसऱ्या तपासणीचं शेवटी काय झालं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. तिला आता तीन महिने होत आले. रोज सकाळी अण्णा माझ्याकडून मोबाईलवर बघून घेतात. रोज एकच शब्द दिसतो: प्रलंबित. चाकूरच्या घराचं कुलूप गंजलं म्हणून शेजाऱ्याचा फोन आला होता. वहिनींनी किल्ली तेलाच्या बोटानं पुसून परत खिळ्याला अडकवली.

तर त्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी टेबलामागे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. अण्णा याही वेळी इस्त्रीच्या धोतरातच गेले. मी काही शिकवलं नव्हतं, फक्त समोरची खुर्ची मुद्दाम लांब सरकवून ठेवली होती.

"मामा, बटणं लावता येतात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "ही लावती," म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. वहिनी भिंतीकडे बघत होत्या.

"जेवण?"

"येतंय."

"अंघोळ?"

"येतंय की." झाली आपली रीत सुरू. मी डोळे मिटून घेतले.

"बरं. तळहात पूर्ण उघडा बघू. सपाट करा."

अण्णांनी हात पुढे केला. उजव्या हातानं डाव्याची बोटं धरून मागे ओढली. मनगटावरच्या शिरा फुगल्या. सोडल्याबरोबर बोटं परत आत आली आणि तळहात एका बाजूला कलंडला, जिथे दोन बोटं नव्हती त्या बाजूला. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा ओढायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या मामा. रोजचं आणखी कुठलं काम अडतं का? नसेल तर तसं लिहिते."

त्यांनी पेन टेकवलं. अण्णांचं तोंड उघडलं, मला वाटलं आता 'समदं येतंय' येणार. वहिनींनी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि आयुष्यात कुणापुढे 'येत नाही' न म्हणालेला माझा थोरला भाऊ, व्हरांड्यातल्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेला,

"मॅडम, देव ठरंना हो हातावर!"