कड्यावर ठेवलेला त्रिशूळ

ही हकीकत मी आजवर घरीही सांगितली नाही. देवीची कृपा सांगायची तर स्वतःची लबाडीही सांगावी लागते, म्हणून टाळत गेलो.

तरुणपणी मी लोणावळ्याला मोजणीच्या कामावर होतो. तळेगावला पत्नी तापानं अंथरुणाला खिळली होती, आणि देवधर्मावरचा माझा विश्वास उडत चालला होता. एके दिवशी कुसगावचे धोंडीबा आणि मी पठारावर खुणा करायला गेलो. धोंडीबा कोयत्यानं रान तोडून वाट करीत. मी होकायंत्र पाहताना ते लांब उभे राहत, कारण जवळच्या लोखंडानं सुई बहकते. जाताना सुईवरून आपल्या चालण्याची दिशा ध्यानात ठेवायची आणि परतताना तिच्या बरोबर उलट चालायचं, हा नियम.

पठारावर देवीचं उघड्यावरचं ठाणं होतं. नवसाचे लोखंडी त्रिशूळ तिथं रोवलेले असत. धोंडीबा टाक्यावर पाणी आणायला गेले तेव्हा त्यातला वीतभर त्रिशूळ मी उपटला आणि सदऱ्याआड कमरेला खोचला. देवीला वाहिलेलं उचलू नये हे ठाऊक होतं. पण पत्नीच्या उशाशी ठेवावा असं वाटलं.

परतताना धुकं उतरलं. सुईप्रमाणे चालूनही जातानाची एकही खूण लागेना. मी धोंडीबांवर चिडलो. "तुमच्या कोयत्यानं सुई बहकतेय. टाका तो."

"म्या लांबच हाय की," ते म्हणाले. तरी कोयता खडकावर ठेवला. "आता जनावर आलं तर सुईनं टोचायचं व्हय, भाऊ?"

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. "थांबा. फुडं कडा हाय." खालून वारा वर येत होता.

मी तिथंच खाली बसलो. धोंडीबा काठीनं जमीन चाचपत होते. त्यांच्या नकळत मी त्रिशूळ काढला, खडकाच्या फटीत रोवला आणि मनात म्हणालो, आई, तुझं तुला. आता तू नेशील तिकडं. उठून पाहिलं तर सुई फिरली होती. तिच्याप्रमाणे चाललो, आणि दिवेलागणीला खालून आगगाडीची शिट्टी ऐकू आली.

लोखंड दूर झालं म्हणून सुई ठिकाणावर आली, हे मला त्याच संध्याकाळी उमगलं. पण ते खाली ठेवण्याची बुद्धी कुठून आली, हे अजून सांगता येत नाही. उशाशी त्रिशूळ नसतानाही पत्नी बरी झाली. आपण घट्ट धरून ठेवलेलं सुटलं की वाट दिसते, एवढं मी त्यातून शिकलो, तेही अर्धंच.

कारण दुसऱ्या दिवशी साहेबांनी उशीर का झाला असं विचारलं, तेव्हा मी कोयत्यावर ढकललं. धोंडीबांचं काम गेलं.

बऱ्याच वर्षांनी ते तळेगावच्या बाजारात भेटले. हात जोडून म्हणाले, "माज्या कोयत्यापायी तुमचा जीव जात व्हता, भाऊ. तवापास्नं मनाला लागून ऱ्हायलंय. पोटात घाला."

देवीपुढं जे सोडलं, ते माणसापुढं सोडवेना. मी म्हणालो, "जाऊ द्या, धोंडीबा. मी मनात ठेवलं नाही."

त्यांचा चेहरा हलका झाला. त्यांनी मला चहा पाजला.