बंबवाल्यांचा बँड आणि न पळणाऱ्या आम्ही दोघी

खरं सांगते, ही पोस्ट मी कधीपासून टाळतेय. पहिल्यांदा लिहायला बसले तर दुसऱ्याच ओळीत पापाटोएटोच्या पाणीपुरीवर घसरले आणि ती पोस्ट वेगळीच झाली. त्यावर कमेंटमध्ये भांडणंही झाली, सगळ्यांचे आभार. नंतर बसले ते फोटो शोधायला, तर त्यात माझा किल्टमधला फोटो निघाला, आणि मग बरेच दिवस लॅपटॉपच उघडला नाही. केतकी मात्र मेसेज टाकतच असते, "मिलफर्डवर लिहिणार होतीस ना?" तर घ्या, मिलफर्ड.

केतकी म्हणजे माझी मैत्रीण. पुण्याची, आयटीत, ऑकलंडच्या अल्बनीत घर. सहलीला निघायच्या आधी एक्सेल शीट करते आणि त्यात चहाच्या थांब्यालाही रंग देते. मी कराडची. शिकायला म्हणून ऑकलंडला आले, डिप्लोमा अर्ध्यात सुटला आणि आता पापाटोएटोत मिठाईच्या दुकानात असते. सुनंदाकाकूंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतलीय. मी गाडीत असले की शीट कोलमडतं, असं केतकी म्हणते. तिचं अगदीच चूक नाही.

ठरलं होतं ते असं: गुरुवारी विमानाने डनेडिन, तिथून भाड्याची गाडी, शुक्रवारी 'ते आनाऊ' नावाच्या गावी मुक्काम, शनिवारी दुपारी मिलफर्ड साउंडची, म्हणजे कड्यांमधल्या खाडीतली बोट. रस्ता सोपा आहे. डनेडिनहून बाल्क्लूथा, मग गोर, मग उजवीकडे. एकपदरी पूल लागतात, तिथल्या पाटीवर तुमचा बाण लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. बाकी दोन्ही बाजूंना मेंढ्या. सुरुवातीला आपण मेंढ्यांचे फोटो काढतो, मग बंद करतो.

गोरच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, का ते कळेल. एक मुख्य रस्ता, एक डेअरी (दुधाची नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात), एक कॅफे आणि एका टोकाला बंबांचं स्टेशन. आम्ही थांबलो ते चीज रोलसाठी. पावाच्या स्लाइसला चीज आणि कांद्याच्या सूपची पावडर यांचं सारण लावून गुंडाळी करतात, वरून लोणी लावून भाजतात. दक्षिणेकडचं खास खाणं. कॉफी आणि दोन रोल मिळून दहा-बारा डॉलरमध्ये पोट भरतं. शाकाहाऱ्यांनी सूपची पावडर कोणती ते विचारून घ्यावं. कॅफेवाल्याचं नाव डूग. र असा घोळवून बोलतो की ऑकलंडवाले गिळतात ते सगळे र याच्याकडे जमा होत असावेत.

रोल खाताना आवाज आला. सनई आणि बंद न पडणारा गाडीचा हॉर्न एकत्र वाजावा तसा.

"ते आमचं," डूग अ‍ॅप्रन काढत म्हणाला. "बंबवाल्यांचा बँड. मला उशीर झालाय." आणि गिऱ्हाइकांना तिथेच सोडून निघाला.

"नाही," केतकी म्हणाली. मी अजून काही बोललेही नव्हते.

"पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला माहितीयत."

स्टेशनच्या मागच्या खोलीत आठ-दहा जण काखेत पिशव्या दाबून वाजवत होते. बॅगपाइप लांबून रोमँटिक वाटतो. खोलीत वाटत नाही, खोलीत दात हलतात. मधोमध पांढऱ्या केसांची, शेतातले बूट घातलेली बाई पायाने ताल धरून ओरडत होती. डूगने ओळख करून दिली, "ही शीला. बँड हिचा."

"शीला?" केतकी माझ्या कानात म्हणाली. "आपल्या शीलाताई?"

त्यांच्यातही शीला असते. पण एकदा ऐकल्यावर माझ्या तोंडून दुसरं काही येईना. मी त्यांना सरळ शीलामावशी म्हणायला लागले. त्यांना वाटलं, मावशी हे काहीतरी हुद्द्याचं नाव आहे. त्या खूश झाल्या.

तेवढ्यात गावचा सायरन वाजला. आणि मग जे झालं ते बघण्यासाठी तिकीट लावलं असतं तरी मी काढलं असतं. सगळ्यांनी चाल अर्ध्यात सोडली, पाइप टेबलावर टाकले आणि दाराकडे धावले. टेबलावर पिशव्या हळूहळू रिकाम्या होत कण्हत राहिल्या. बाहेर बंब सुरू झाला आणि गेला. खोलीत उरल्या शीलामावशी आणि आम्ही दोघी.

"हे असं आहे," मावशी म्हणाल्या. "सगळे स्वयंसेवक. कुणी कसाई, कुणी मास्तर, कुणी दूधवाला. सायरन वाजला की बँड संपला. गेल्या वर्षी गावच्या परेडला आम्ही या टोकाकडून निघालो सगळे, आणि त्या टोकाला पोचले मी एकटी."

मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पायात जँडल्स होत्या, म्हणजे आपल्या रबरी चपला.

"तू आग विझवतेस?"

"नाही."

"उत्तम. ढोल वाजवतेस?"

"नाही."

"तेही चालेल."

तासाभराने मंडळी परतली. आग नव्हती, कुणाची तरी गाय खड्ड्यात पडली होती. त्यांच्या मागून चिखलाने माखलेला एक उंच माणूस आला. हा ग्रँट, बंबवाल्यांच्या ब्रिगेडचा चीफ. त्याने खोलीच्या भिंतीवरून नजर फिरवली, जशी आपण फ्रिज कुठे ठेवायचा ते बघतो.

"शीला, उद्याच्या परेडला तरी बँड टोकापर्यंत पोचव," तो म्हणाला. "कमिटीचं ठरलंय. रस्त्यात विरघळणाऱ्या बँडसाठी खोली अडवून ठेवता येत नाही. पाण्याचा टँकर घ्यायचाय, तो इथे येईल."

"पोचू."

"कोण कोण?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. ग्रँटने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि गेला.

तो गेल्यावर मावशी पाइप पुसत म्हणाल्या, "मी ब्रिगेडमध्ये आले तेव्हा बाईच्या हातात पाण्याचा होज देत नसत. म्हणाले, तू बँड सांभाळ. होज नंतर मिळाला, पण तो भांडून, आणि वयाने सुटलाही. बँड पहिल्या दिवसापासून माझा आहे." आणि ढोलाची काठी माझ्या हातात देऊन लगेच ओरडल्या, "काठी अशी धरतात का? पोळी लाटतेयस?" त्या हे इंग्रजीत म्हणाल्या, पेस्ट्री म्हणाल्या, पण अर्थ हाच.

केतकी गाडीची किल्ली वाजवत दारात उभी होती. परेड शनिवारी सकाळी, बोट शनिवारी दुपारी आणि मधे चार तासांचा रस्ता. "जमणार नाही," ती म्हणाली. मावशींनी कोपऱ्यातून चांदीच्या मुठीचा एक उंच दंड काढून तिच्यासमोर धरला. म्हणाल्या, "बँडच्या पुढे एक जण हा घेऊन चालतो. कधी निघायचं, कधी थांबायचं, तो ठरवतो. सगळ्यांना ऐकावं लागतं."

केतकीने दंड हातात घेतला. तोलून पाहिला.

"रविवारची बोट मिळते का बघते," ती म्हणाली.

राहिलो गावातल्या मोटेलमध्ये. हीटर चालू होता, ब्लँकेट विजेचं होतं आणि मालकीणबाईंनी दुधाची छोटी बाटली फुकट दिली. एवढ्यावर मी पाच तारे देते.

मला शिकवलं एकच: चालतेस तशी वाजव, डावं पाऊल पडलं की टोला. सोपं वाटतं ना? पण मी चालताना दुकानं बघते. सरावात मी डेअरीच्या खिडकीतली "मांजर हरवले आहे" ही पाटी वाचायला थांबले आणि मागचे पाच पाइपवाले एकमेकांवर आदळले. "बघू नकोस!" मावशी म्हणाल्या. "वाचू नकोस! मांजर सापडलंय!"

शनिवारी सकाळी किल्ट, म्हणजे बँडवाल्यांचा स्कॉटिश घागरा, हातात आला. लोकरीचा, जाड, एका बाजूला इतक्या निऱ्या की मोजवत नाहीत. आता सांगा, निऱ्या कुठे येतात? माझ्या हातांना विचारायची गरजच पडली नाही. पुढे घेतल्या, नीट चापून बसवल्या, पट्टे आवळले आणि रुबाबात बाहेर आले.

"अगं," केतकी म्हणाली, "सगळ्यांच्या मागे आहेत."

"मग त्यांचं चुकलंय."

मावशींनी डोळे मिटले. बदलायला वेळ नव्हता. त्यांनी ढोल माझ्या गळ्यात अडकवला. ढोल एवढा मोठा की पुढचं सगळं झाकलं गेलं. माझ्या मागे चालणाऱ्यांचं मी काय करणार?

निघालो. पुढे केतकी, दंड उचलून, ऑफिसात उशिरा आलेल्यांकडे बघावं तशी गावाकडे बघत. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, फोल्डिंगच्या खुर्च्या, कुत्री. मी समोर बघत होते. डावं पाऊल, टोला. मला कौतुकाने रडू येईल इतकं बरं चाललं होतं.

अर्धा रस्ता झाला आणि सायरन.

एकेक आवाज गळत गेला. शेजारचा ड्रम गेला, मागचे पाइप गेले. डूग पळता पळता "सॉरी, शीला!" ओरडला. एवढे किल्ट एकाच दिशेने धावताना मी पुन्हा कधी बघेन असं वाटत नाही. मावशी मात्र वाजवतच होत्या. केतकी मागे न बघता चालतच होती. आणि मी? सायरनशी माझा काही संबंध नव्हता. डावं पाऊल, टोला.

मग पुढे धूर दिसला. आग कुठे, तर डूगच्या कॅफेत. परेडची गर्दी येणार म्हणून त्याने चीज रोलचे ट्रे ग्रिलमध्ये लावले होते आणि ग्रिल चालू ठेवून बँडमध्ये आला होता. मागून बंब आला, आम्हाला ओलांडून गेला आणि कॅफेसमोर आडवा थांबला. होज रस्त्याभर पसरले. ग्रँट फीत बांधून ओरडत होता, "कुणीही पुढे यायचं नाही!"

आम्ही फितीपाशी पोचलो. मावशींनी वाजवणं थांबवलं नाही, जागच्या जागी पावलं टाकू लागल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, फुंकताना खांदे वर जात होते. मला दिसत होतं की दम फार उरलेला नाही. थांबल्या तर खोली गेली. आणि तोंडात नळी, त्यामुळे वाद घालायची सोय नाही.

"शीला, थांब!" ग्रँट म्हणाला.

पाइप वाजत राहिला.

"एक्स्क्यूज मी," केतकी पुढे झाली. तिचा मीटिंगमधला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "डावीकडचा फुटपाथ मोकळा आहे. आग उजवीकडे आहे. वारा पण तिकडेच वाहतोय. आम्हाला थांबवायचं कारण सांगा."

ग्रँटने फुटपाथकडे पाहिलं. धुराकडे पाहिलं. दारातून डूग किल्ट आणि हेल्मेट अशा वेशात, काळ्या गुंडाळ्यांचा ट्रे घेऊन बाहेर येत होता. मग ग्रँट मावशींकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. फीत एका हाताने वर उचलली आणि म्हणाला, "होजवर पाय देऊ नका."

उरलेला रस्ता मला नीट आठवत नाही. एक पाइप, एक ढोल, एक दंड. लोक टाळ्या वाजवत होते की डूगला हसत होते, माहीत नाही. टोकाला केतकीने दंड खाली आणला, मावशींनी नळी सोडली आणि पिशवीतली उरलेली हवा संपेपर्यंत आम्ही तिघी उभ्या राहिलो. मग मावशी फुटपाथच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "स्वीट अ‍ॅज." म्हणजे झकास.

नंतर ग्रँट आला. "तीन जणी म्हणजे बँड का?"

"बँड टोकापर्यंत पोचव म्हणालास. किती जणांचा, ते नाही म्हणालास."

"आणि पुढच्या वर्षी या दोघी नसतील. मग?"

मावशी खाली वाकल्या. बुटांची नाडी सोडून परत बांधत बसल्या. "कमिटीला विचारतो," एवढंच म्हणून तो गेला. डूगने मला सांगून ठेवलं, की लिहिलंस तर गावाचं नाव टाकू नकोस. बंबवाल्याच्याच कॅफेला आग लागली, हे गोरपर्यंत गेलं तरी पुरे.

रविवारी मिलफर्ड. पेट्रोल ते आनाऊलाच भरा, पुढे भरवसा नाही. पाऊस असेल तर नशीबवान समजा, कड्यांवरून एवढे धबधबे सुटतात की मान दुखते. सँडफ्लाय हा डासाचा बारीक पण दुष्ट भाऊ आहे, मलम न्या. बोटीवर केतकीने दोनदा लोकांना रांगेत उभं केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

ऑकलंडला येऊनही बरेच दिवस झाले. काय राहिलं म्हणाल तर डोंगर कमी आणि चालणं जास्त. आता दुकानात जाताना मी समोर बघून चालते. मग आठवतं की पुढे दंड घेऊन कुणी नाही, आणि थांबून पाट्या वाचते. मावशींना मी दोनदा फोन केला. कमिटीचं काय झालं विचारलं की त्या मेंढ्यांबद्दल बोलतात. शहाण्या माणसाने मिलफर्डची बोट शनिवारचीच घ्यावी आणि त्या गावात थांबू नये. किंवा थांबावं. मला माहीत नाही, मी इथे बसून टेबलावर बोटांनी ठेका धरते आणि

थांबा. काकू खालून हाका मारतायत.

"अगं, कुठं आग लागलीय का आपल्याकडे? दारात बंब उभाय!"

खिडकीतून बघितलं. बंब नाही, टँकर आहे. लाल, सेकंडहँड, शेजाऱ्यांचं गेट अडवून उभा. काकू जिना चढून वर आल्या, धापा टाकत.

"एक उंच माणूस आलाय. ग्रँट म्हणे. विमानाने आलाय, इथे हा टँकर विकत घेतलाय, फेरीबोटीत घालून पार खालपर्यंत चालवत नेणारे. केतकीने पत्ता दिला म्हणतो. आणि म्हणाला, आधी तिला हे सांगा, नाहीतर ती खाली यायची नाही: टँकर स्टेशनात नाही, त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये राहणार आहे. याचा अर्थ काय गं? आणि पुढची एक सीट रिकामी आहे म्हणे. चहा ठेवू का त्याला?"