संगमरवरासमोर दोन कॅमेरे

नाशिकहून गाडीत बसलो तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत दोन कॅमेरे होते. एक जुना डीएसएलआर, अगदी पहिल्या पायरीवरचा. दुसरा त्याच पायरीवरचा, पण नवा, मिररलेस. दिवाळीला ताईकडे जबलपूरला जायचे, भाऊबीज करायची आणि जुना कॅमेरा भाऊजींना द्यायचा, असा बेत होता. भाऊजींना फोटोंचा नाद. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याला विकार जडला, समोर पाहताना मधोमध धूसर डाग दिसू लागला आणि त्यांनी आपला कॅमेरा कुणाला तरी देऊन टाकला. हातात पुन्हा कॅमेरा आला तर ते पुन्हा बाहेर पडतील, अशी ताईची आशा होती.

जुनाच का द्यायचा, याची कारणे मी प्रवासभर मनात मांडत होतो. त्याची पकड भरदार आहे. बॅटरी दोन दिवस टिकते. त्याच्या लेन्स कुठेही, जुन्या बाजारातही मिळतात. डोळा लावला की भिंगे आणि आरसा यांतून खरेखुरे दृश्य दिसते. मिररलेसमध्ये आरसा नाही, डोळ्यापुढे असतो एक इवलासा पडदा. भाऊजींसारख्या जुन्या माणसाला खरे दृश्यच आवडेल. कारणे सगळी खरी होती. मी त्यांच्या आड उभा होतो, एवढेच.

भाऊजी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि वसाहतीबाहेर लहानसे घर घेऊन राहिले. स्टेशनवरून रिक्षाने जाताना कारखान्याच्या लांबच लांब भिंतीवर झाडांची सावली पडलेली दिसली. मी सवयीने कॅमेरा वर केला, तोच मला घ्यायला आलेल्या भाऊजींनी माझे मनगट धरून खाली आणले.

"इथं नाही बाबा! काहून म्हातारपणी मला चौकशीला पाठवून राहिला तू?"

अख्ख्या नोकरीत त्यांनी त्या भिंतीकडे कॅमेरा वळवला नव्हता. जिथे दिवस जात, तिथले काहीच टिपता येत नसे. म्हणून रविवार आला की स्कूटर काढून ते नर्मदेवर जात. घरात फोटो लावलेले आहेत ते सगळे नदीचे.

संध्याकाळी सदरला (छावणीतला बाजार) गेलो. लक्ष्मीपूजनाची गर्दी होती; सुटीवर आलेले जवान मुलाबाळांना घेऊन फिरत होते. एका कढईपाशी खोया जलेबी (खव्याची काळपट जिलबी, बाहेर कुरकुरीत, आत मऊ) खात असताना मी हलवायाचे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. डीएसएलआरचा आरसा 'खट्' वाजला आणि हलवाई समाधानाने कढईकडे वळला. मग मिररलेस रोखला. त्याचा आवाज मी बंद ठेवला होता. हलवाई छाती फुगवून, श्वास रोखून उभाच.

"खींचा कि नहीं, भैया? जलेबी जल रही है!"

"कब का खींच लिया."

"आवाज तो आई नहीं! मुफ़्त का माल दिखता है."

भाऊजी मनापासून हसले. मग हळूच म्हणाले, "बिनआवाजाचा. पक्ष्यांसाठी बरा." आणि मिररलेसकडे पाहत राहिले. मी तो पिशवीत ठेवला.

पाडव्याच्या दिवशी भेडाघाटला गेलो. आधी धुआंधार. नर्मदा तिथे इतक्या जोराने कोसळते की पाण्याचा धूर होऊन वर येतो. नावच त्यावरून पडले. या किमतीचे कॅमेरे तुषार सोसत नाहीत, म्हणून मी दोन्ही रुमालात गुंडाळून उभा राहिलो. तरी फरक कळलाच. ऊन पाण्यावर पडले होते. डीएसएलआरमधून दृश्य सुरेख दिसे, फोटो मात्र पांढराफटक येई, आणि ते आधी काढून मागून पाहिल्यावर समजे. मिररलेसमध्ये फोटो जसा येणार तसाच डोळ्यापुढे दिसत होता. उजेड कमी केला की धबधबा तिथल्या तिथे सावरत होता. मात्र तासाभरातच त्याने दुसरी बॅटरी मागितली. जुना ढिम्म होता.

खाली तिथल्या पंचवटी घाटावर नाव घेतली. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे. कुठे दुधासारखे, कुठे निळसर, कुठे गुलाबी. मध्ये पाणी इतके संथ की वल्ह्याचा थेंब पडलेला ऐकू येतो. ती शांतता नावाडी मात्र टिकू देत नाहीत. यमके जुळवीत वर्णन करण्याची त्यांची रीतच आहे.

"इधर देखिए संगमरमर सफ़ेद," आमचा नावाडी गात होता, "उधर देखिए साहब की जेब में छेद!"

मी डीएसएलआर भाऊजींच्या हाती दिला. "भाऊजी, हा आता तुमचा."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पट्टा गळ्यात घातला, कोपरे बरगड्यांना टेकवले. बैठक विसरलेली नव्हती. ताई माझ्याकडे पाहून हसली. एका खडकावर खंड्या बसला होता. ताईने बोट दाखवले. भाऊजींनी कॅमेरा रोखला. खट्, खट्, खट्. नाव पुढे सरकली.

"बघ रे कसे आले."

मी मागच्या पडद्यावर ओंजळीची सावली धरून पाहिले. फोटो अगदी स्पष्ट होते. फक्त ज्याचे काढायचे तो त्यांत नव्हता. एकात मोकळा खडक, एकात पाणी, एकात कड्याला वाहिलेले शेंदराचे बोट. त्या लहानशा अंधाऱ्या चौकटीत त्यांच्या धूसर डागाने खंड्या गिळला होता.

"छान आलेत," मी म्हणालो.

भाऊजींनी मान हलवली. त्यांनी ते खरे मानले नाही, हे मला दिसले. त्यांनी पट्टा गळ्यातून काढला.

"तुझा तो दुसरा दे ना त्यांना," ताई म्हणाली. "बघू दे तरी."

मी दिला. एक बटण दाबून मधला भाग मोठा केला, उजेड वाढवला. भाऊजींनी डोळा लावला आणि कॅमेरा कड्यावरून हळूहळू फिरवला. मग कॅमेरा तसाच धरून म्हणाले, "त्या भेगेत पाकोळ्यांचं घरटं आहे. कधीचं दिसून राहिलं नव्हतं मला." आणि काही क्षणांनी, "चोच काढली बघ एकीनं बाहेर."

त्याच वेळी दुसरी नाव जवळून गेली, आमची नाव हलली आणि काठावरून थोडे पाणी आत उडाले. माझ्या तोंडून निघाले, "भाऊजी, जरा जपून. नवा आहे तो."

त्यांनी लगेच डोळा काढला. कॅमेरा सदऱ्याच्या टोकाने पुसला, जिथे पाणी लागले नव्हते तिथेही पुसला आणि मला परत दिला.

"घे बाबा. माझे हात आता पहिल्यासारखे नाहीत."

नावाड्याला मराठी येत नव्हते, पण वल्हे मारता मारता त्याने सगळे पाहिले होते. "नाव में कैमरे दो," तो गायला, "और बाबूजी के हाथ खाली, लो!"

ताई हसली नाही. भाऊजी मात्र माझी लाज राखण्यासाठी हसले. कडे दोन्ही बाजूंनी सरकत राहिले आणि मी एकही फोटो काढला नाही.

परत येताना रिक्षात मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही मिररलेसच ठेवा. तुम्हाला तोच सोयीचा आहे."

"नाही रे. आता कुठं फोटो काढत फिरू? जुनाही राहू दे तुझ्याजवळ." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलायला जागा मिळाली असती. मेहुण्याने एकदा हात आखडून दिलेली वस्तू ते दुसऱ्यांदा घेणार नव्हते. आमच्याकडे जावई माणूस मान सोडत नाही, आणि बरोबरच आहे.

भाऊबीजेच्या सकाळी ताईने पाटाभोवती रांगोळी काढली. मला ओवाळले, सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या. मी तिच्या ताटात मिररलेस ठेवला; दुसरी बॅटरी आणि चार्जरही ठेवले.

भाऊजी वर्तमानपत्र टाकून उठले. "हे काय करून राहिला तू? उचल ते!"

"तुम्ही मध्ये नका पडू," ताई म्हणाली. "ओवाळणी माझी आहे. भावानं टाकलेली ओवाळणी परत देतात का कुठं?"

"अगं, पण तुला काय कळतं त्यातलं?"

"नाहीच कळत." तिने ताट खाली ठेवले आणि कॅमेरा उलटा धरून डोळ्याला लावला. "कुणी शिकवलं तर शिकेन. नाही तर पडून राहील कपाटात, बुरशी लागेल."

"अगं, सुलटा धर! असा नाही... बोट लेन्सवर काहून ठेवते? अच्छा, चलो, दे इकडे. दाखवतो."

त्यांनी धोतराला हात पुसले आणि कॅमेरा घेतला. दोघे अंगणात गेले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. पेरूच्या झाडाकडे कॅमेरा रोखलेला, आणि ताई शेजारी हात मागे बांधून, शिकण्याचे सोंग घेऊन उभी. तिने एकदाही कॅमेरा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मला स्टेशनवर पोचवायला आले. गाडीला अवकाश होता. मी म्हणालो, "भाऊजी, त्या दिवशी नावेत मी जे बोललो..."

"अरे, सोड." त्यांनी माझ्या पिशवीचा पट्टा सारखा केला. "नवा होताच तो. जपूनच वापरीन."

हे वाक्य मला इटारसीपर्यंत पुरले. त्यात टोमणा नव्हता, हेच सोसायला कठीण होते.

आता नाशिकला कोणी विचारले की नवशिक्याने कोणता कॅमेरा घ्यावा, तर मी आधी विचारतो, कोणाच्या डोळ्यांसाठी? वजन, किंमत, बॅटरी, लेन्स ही तुलना मी जाण्याआधीच केली होती आणि तिच्यात चूक नव्हती. पण ती मी माझ्याच डोळ्यांनी केली होती. ज्याला सगळे दिसते, त्याला दृश्य आरशातून आले काय आणि पडद्यावरून आले काय, फरक थोडाच. भाऊजींच्या बाबतीत एका कॅमेऱ्यात पक्षी होता आणि एकात नव्हता.

मी फार मोठा त्याग केला, असे कोणी समजू नये. मला तो कॅमेरा अजून आठवतो. संध्याकाळच्या उजेडात जुन्याने चार फोटो फुकट गेले की मनात कुरकुर उठते, आणि ती माझी आहे हे मी स्वतःपासून लपवत नाही.

परवा ताईचा फोन आला. आवाजात तक्रार होती.

"सकाळी चहा न घेता घाटावर गेले आहेत. फोन इथंच विसरले. उन्हं वर आली, अजून पत्ता नाही. आणि माझी ओवाळणी म्हणे! हातसुद्धा लावू देत नाहीत मला."

"मग मागून घे," मी म्हणालो.

"खबरदार," ताई म्हणाली, "त्यांना असलं काही सांगितलंस तर."