व्यवसाय : खेळाडू

९ जून २०१९, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. बुकित पंजांगमधल्या आमच्या ब्लॉकशेजारच्या बास्केटबॉल कोर्टावर मी सामन्याचा गुणतक्ता लिहीत बसलो होतो. मला खेळता येत नाही, पण आकडे चुकत नाहीत, म्हणून आपल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या सामन्यात हे काम माझ्याकडे असे. मागून आवाज आला, "काय रे बाबू, गुण तर मोत्यासारखे लिहिले. फाउल कोण लिहिणार, रेफरीची बायको?" मी दचकून उभा राहिलो. श्री. मनोहर खेडीकर सरांची आणि माझी ही पहिली भेट.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यानिमित्त आपली मंडळी त्यांचा सत्कार करत आहेत. बाविसाव्या वर्षी ते नागपूरहून इथे, परदेशात आले. एका व्यापारी पेढीने आपल्या संघात खेळण्यासाठी त्यांना पगार देऊन बोलावले होते. खेळण्याचे पैसे संघातल्या सगळ्यांनाच मिळत, पण कागदावर सगळे कारकून होते. कारण त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्याला देशाच्या संघात जागा नसे. सरांना हे कुणी सांगितले नाही. पेढीच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी सरळ लिहिले : खेळाडू. पुढे भारतात निवडीच्या वेळी तोच कागद समितीसमोर आला आणि सरांचे नाव कापले गेले. त्याच पेढीचा पगार घेणारा त्यांचा नागपूरचा सोबती कागदावर कारकून होता. तो देशाकडून खेळला. आज आपण सरांना सुरुवातीचे व्यावसायिक खेळाडू म्हणून गौरवतो. तेव्हा तो त्यांच्यावरचा ठपका होता.

खेळ सुटल्यावर सरांनी त्याच पेढीत गोदाम सांभाळले आणि सकाळी मुलांना फुकट शिकवले. एकदा एका इंजिनियरची मुलगी बॉल टाकून म्हणाली, "अंकल, आय टायर्ड ऑलरेडी ला!" सर शांतपणे म्हणाले, "थकलीस? मग बस. बसून ड्रिबल कर." ती हसत हसत खाली बसली आणि तिने खरोखरच बसून ड्रिबल केले.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मला नीट लिहिले पाहिजेत. मी एसी दुरुस्तीचे काम करतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला. यंदा आमच्या कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली. ती मिळाली नाही तर माझा इथे काम करण्याचा पास संपून मला वर्ध्याला परतावे लागणार होते. मला इथे नोकरी लावणारा एजंट म्हणाला, "डिप्लोमा पूर्ण असं लिही. कोण बघतंय?" फॉर्म घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू गेल्यापासून सर चहा स्वतः करतात. त्यांनी दोन कप ठेवले. मी विचारले, "सर, खरं लिहिल्याचा तुम्हाला कधी पश्चात्ताप झाला?"

सरांनी एक कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "झाला. अजून होतो. देशाची जर्सी अंगावर आली नाही, बाबू. हे दुःख जात नाही. तुला खोटं कशाला सांगू? तू काय लिहायचं ते तू ठरव."

मी 'अपूर्ण' लिहिले. सरांनी उपदेश केला असता, तर कदाचित लिहिले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे होते. गुडघा सुजलेला असूनही ते एमआरटी मेट्रोने माझ्याबरोबर कंपनीच्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात आले. माझे काम कसे आहे, हे त्यांनी मॅनेजरना अर्धा तास सांगितले. मॅनेजर उठून उभे राहिले आणि आदराने म्हणाले, "सॉरी अंकल, रूल इज रूल." परतताना मी म्हटले, "माझ्यापायी तुम्हाला उगाच त्रास झाला." सर गुडघा चोळत म्हणाले, "त्या वेळी माझ्यासोबत कुणी आलं नव्हतं रे."

माझा पास या महिनाअखेर संपतो. सत्कार त्यानंतर आहे, म्हणून मी वर्ध्याहूनच नमस्कार करीन. सरांचा गुडघा बरा होवो, त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. माझी इथल्या मंडळींना एवढीच विनंती आहे : यापुढे सरांना दवाखान्यात, कचेरीत, कुठेही जायचे असेल, तर त्यांच्यासोबत कुणीतरी जा.