दिराचा गोल

आठवडाभर दुकानात शिलाई मशीन चालवायची आणि रविवारी हातात निशाण घेऊन मैदानाच्या कडेनं पळायचं, असा शिवणताईचा शिरस्ता. फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा लाइन्समन ऐनवेळी तापानं आडवा झाला, म्हणून पंचांनी तिला बोलावलं. एका संघात तिचा धाकटा दीर होता. दोन्ही कर्णधार म्हणाले, "असू दे, आमची हरकत नाही."

अगदी शेवटी दिरानं बरोबरीचा गोल मारला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि हिचं निशाण वर! ऑफसाइड. पास सुटला तेव्हा तो बचावपटूंच्या पुढे होता, असं तिला दिसलं. गोल रद्द झाला. चषक दुसऱ्यांनी नेला.

मग ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ. कुणी म्हणे पुढे होता, कुणी म्हणे छे! गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "माप नीट घे बाई, परवासारखं वीतभर इकडचं तिकडे नको." ती हसायची, पण बाही उलटी जोडून बसायची आणि मग उसवत राहायची. घरी सासूबाई भांडी आदळायच्या. नवरा म्हणायचा, "लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" आणि चपला घालून बाहेर सटकायचा.

लोकांचं तिनं सोसलं असतं. पण एक प्रश्न पाठ सोडेना. दिराच्या जागी परका असता, तर हात इतक्या झटकन वर गेला असता का?

एका संध्याकाळी दीर दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "वहिनी, खरं सांग. मी पुढे होतो?"

"मला तसं दिसलं, भावजी."

"दिसलं की वाटलं?"

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तेच कळत नाहीये. दुसरं कुणी असतं, तर कदाचित क्षणभर थांबले असते."

"तू छातीठोक सांगशील, मग कडाकडा भांडीन, असं ठरवून आलो होतो."

"मग भांडा की."

"आता कसा भांडू? मलाही कुठं ठाऊक आहे? मी धावत होतो." तो उठला. हसला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पंचांना गाठलं. "दिराच्या सामन्याला मला पुन्हा उभं करू नका."

"निर्णय चुकला म्हणता?"

"तसं नाही. पण बरोबर आला तरी माझा मला पटायचा नाही."

पंचांनी तिला दुसऱ्या मैदानावरचा सामना दिला. रविवारी घरात पाय ठरेना, म्हणून ती संघांच्याही आधी तिथं पोचली आणि रिकाम्या मैदानाच्या कडेनं येरझारा घालत राहिली.