आधी दार, मग चूल

आमच्या प्रयागकाकीले लोक तोंडाळ म्हणत. म्हणोत बापडे! त्याच तोंडानं माझी पोरगी वाचवली, म्हणून मी ही गोष्ट सांगून राहिली. ज्याले झोंबायची त्याले झोंबो.

प्रयागकाकी म्हणजे माझी चुलतसासू. नवरा पलेगात गेला, लेकरू नाही, माहेरी कोणी उरलं नाही. तेव्हा सीपी-बेरार प्रांतात गोऱ्या साहेबाचं राज्य होतं अन् इतवारी पेठेतल्या आमच्या घरात सासूबाईंचं. काकीच्या वाट्याले आली फक्त चूल. पहाटेपासून राबायची तीच, अन् जेवायले शेवटी बसायची तीच. पण चूल पेटवावी तर काकीनंच. आधी रात्रीची राख सारी काढायची, मंग पऱ्हाट्या-तुराट्यांच्या वाळक्या काड्या मोकळ्या मोकळ्या मांडायच्या, जाड लाकूड मागून हळूच सरकवायचं. मी नवी नवरी होती तेव्हा एकदा चुलीत लाकडं कोंबली, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"आगीले श्वास घ्यायले जागा ठेव वं मनकर्णा! तुले कोणी असं कोंबलं तर चालन काय?"

मले माहेरी माय नव्हती, म्हणून माझं बाळंतपण सासरीच झालं. पौषातली थंडी, हाडं गारठून जात होती. बाळंतिणीले वारा लागू नाही म्हणून सासूबाईंनी, म्हणजे गोपिकाबाईंनी, कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी चिंध्यांनी बुजवली, वरून शेणमातीनं लिंपली, दाराले जाड गोधडी लटकवली अन् माझ्या बाजेखाली धगधगत्या निखाऱ्यांची शेगडी ठेवली. निखारे मंदावले का नवे आणून टाकत. माझं डोकं फुटून राहिलं होतं, पोटात सारखं ढवळे. सांगितलं तर म्हणत, "बाळंतपणात होतेच असं. आम्ही नाही काय निभावलं?"

पोरगी पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेत होती. मंग हळूहळू निजूनच राहायले लागली. दूध पिता पिता मान टाके. शेजारच्या बाया येत, पाहत अन् म्हणत, "मोठी गुणाची पोर वं गोपिकाबाई, रडत म्हणून नाही!" सासूबाई तिची दृष्ट काढत. मले बी बरं वाटे, खोटं काहून बोलू?

एका दुपारी काकी माझ्यासाठी खिरीची वाटी घेऊन आली. विधवेनं बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक. वाटी उंबऱ्यावर ठेवायची अन् निघून जायचं. काकीनं गोधडी बाजूले केली अन् तिथंच थबकली. कोनाड्यातल्या दिव्यात तेल भरपूर होतं, वात चांगली होती, तरी दिवा मरून राहिला होता.

"पोरगी केव्हाची रडली नाही?" तिनं विचारलं.

"कालपासून. गुणाची आहे न."

"गुणाची? अवं माय!"

वाटी तिच्या हातून खालीच पडली. काकी आत शिरली, पोरीले छातीशी धरलं, माझा दंड पकडून मले ओढत अंगणात नेलं, उन्हात बसवलं अन् पोरीले माझ्या मांडीवर ठेवलं. परत जाऊन शेगडी बाहेर फरफटत आणली. मंग मुसळ घेतलं अन् खिडकीचं लिंपण धडाधडा फोडलं.

सासूबाई धावत आल्या. "प्रयाग! काय करून राहिली वं तू? बाळंतिणीले वारा लागला तर? ठेव ते शेगडी आत!"

"नाही ठेवत."

"नाही म्हणते मले?"

"हो, म्हणते! चुलीचा धूर डोळ्याले दिसते, त्यापासून माणूस दूर सरते. निखाऱ्याचा दिसत नाही, म्हणून तुम्ही त्याले लेकरासंगं कोंडून दार लावता? कोंडलेली आग माणसाच्या वाट्याचा वारा खाते, जाऊबाई. पाहा न हिच्याकडे!"

काकीनं पोरीले परत उचललं, पोरगी तिच्या हातात लुळी पडली होती. काकी तिचे तळपाय चोळत होती, पाठ चोळत होती, तिच्याशी बोलत होती. बऱ्याच वेळानं पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं अन् बारीकशी कुरकुरली. रडली मात्र नाही.

"झाली न जागी? आता आण तिले आत," असं म्हणत सासूबाईंनी शेगडीले हात घातला. त्या दुष्ट नव्हत्या हो. त्यांच्या सासूनं जसं केलं तसंच त्या करून राहिल्या होत्या. पण हट्ट केवढा!

काकी उठली. पोरीले माझ्या मांडीवर दिलं, स्वयंपाकघरात गेली, चुलीतली जळती लाकडं ओढून अंगणात आणली अन् त्यावर अख्खी घागर पालथी केली.

"ही शेगडी त्या खोलीत गेली, तर या घरची चूल माझ्या हातानं पेटत नाही," ती म्हणाली. "आधी दार उघडं, मंग चूल."

भरल्या घरात चूल विझवली! सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आमच्या दुकानातून घरची माणसं जेवायले यायची वेळ झाली होती. "तुझ्यावाचून काय अडते वं? मी पेटवते!" म्हणून त्या फणफणत आत गेल्या अन् काकीनं पाहू नाही म्हणून दार लावून घेतलं.

अडलंच. कितीक वर्षं त्यांनी चुलीले हात लावला नव्हता. राख न काढता त्यांनी बाभळीचे ओंडके गच्च कोंबले अन् फुंकणी घेऊन बसल्या. ओंडके नुसते धुमसले. छपराच्या कवेलूंतून धूर निघाला, आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मंग मोलकरणीच्या नावानं हाक आली, "घासलेटची बाटली कुठं आहे वं?"

काकी ताडकन उठली. "घासलेट ओतू नका! धुमसत्या लाकडावर ओतलं तर भडका उठीन, पदर पेटीन तुमचा! ऐका माझं!" ती दोन्ही हातांनी दार बडवून राहिली होती.

आतली कडी खाडकन निघाली. सासूबाई बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आतच सापडलेली बाटली हातात न उघडता तशीच होती. "उघडं ठेव वं ते दार," त्या कशाबशा म्हणाल्या. "श्वास कोंडला माझा."

काकीनं त्यांच्या हातून बाटली काढून घेतली. त्यांची पाठ चोळली. अन् म्हणाली, "तुमचा हात कडीले पोहोचला, जाऊबाई. या लेकराचा कुठं पोहोचते?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहत राहिल्या.

तेवढ्यात मामंजी, माझे सासरे मनोहरराव, दुकानातून आले. ओली लाकडं, फुटलेली खिडकी, अंगणात बाळंतीण. "चूल कोणी विझवली?" ते गरजले.

नवऱ्याच्या थोरल्या भावाशी तोंडावर बोलायची आमच्यात रीत नाही. काकी आजवर त्यांच्याशी एक शब्द समोरासमोर बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मी विझवली."

"मंग या घरातून चालती हो!"

"जाते. पण ते शेगडी संगं घेऊन जाते. इथं ठेवून नाही जात."

मले रडू फुटलं. अन् माझ्या मांडीवर पोरीनं एकदम मुठी आवळल्या अन् टाहो फोडला, असा टाहो का गल्लीत ऐकू गेला असन.

सासूबाई उठल्या. मामंजींसमोर आल्या. "प्रयाग कुठं जात नाही," त्या म्हणाल्या. "खिडकी बी तशीच राहीन. हातपाय धुवा, जेवायले उशीर आहे."

काकी आत गेली अन् ओंडके बाहेर ओढून राख काढायले बसली. त्या दिवशी सारं घर उशिरा जेवलं. पोरगी दुपारभर रडत होती, अन् कोणी तिले गप्प केलं नाही.